गोळी बंद झाली आणि विषाणू उठला: प्रत्यारोपणानंतरची प्रतिकारशक्ती नेमकी करते काय?

प्रश्न थोडक्यात असा आहे. आईची किडनी भावाला बसवून आठ महिने झाले. आधीच्या तपासणीत आई सीएमव्ही म्हणजे सायटोमेगॅलोव्हायरससाठी पॉझिटिव्ह होती, भाऊ निगेटिव्ह. म्हणून त्याला सहा महिने व्हॅल्गॅन्सायक्लोव्हिर ही सीएमव्हीला रोखणारी गोळी दिली आणि त्या काळात एकही रिपोर्ट बिघडला नाही. गोळी बंद केली आणि सात आठवड्यांत अंग मोडून आलं, बारीक ताप राहू लागला, पांढऱ्या पेशी उतरल्या आणि रक्तात सीएमव्ही सापडला. डॉक्टरांनी गोळी पुन्हा सुरू केली आणि मायकोफेनोलेट हे प्रतिकार दाबणारं औषध निम्म्यावर आणलं. तुमच्या शंका अशा: इतके दिवस गप्प असलेला विषाणू आत्ताच कसा उठला? औषध कमी केल्यावर किडनी रिजेक्ट होणार नाही का? भावाची प्रतिकारशक्ती शून्यच आहे का, मग लस देऊन उपयोग काय? आणि आईने त्याच्यापासून लांब राहायचं का?

मी बरीच वर्षं प्रत्यारोपणाचे रुग्ण पाहतो आहे. हा प्रसंग आमच्या ओपीडीत इतका नेहमीचा आहे की पॉझिटिव्ह दाता आणि निगेटिव्ह रुग्ण अशी जोडी असली, तर गोळी बंद करतानाच पुढच्या तपासण्यांच्या तारखा आम्ही कागदावर लिहून देतो. त्यामुळे कोणाची चूक झाली हे शोधत बसू नका.

सहा महिने काही झालं नाही म्हणजे भावाच्या शरीराने विषाणूला हरवलं, असं घरी सगळ्यांना वाटतं. वास्तविक तेव्हा गाठच पडली नव्हती. विषाणू पहिल्याच दिवशी किडनीसोबत आत आला. गोळीने त्याला वाढू दिलं नाही, आणि तो वाढला नाही म्हणून भावाच्या टी-पेशींना, म्हणजे विषाणू शिरलेल्या पेशी ओळखून मारणाऱ्या पांढऱ्या पेशींना, त्याची धड ओळखही झाली नाही. गोळी थांबली तेव्हा दार उघडं होतं आणि पहारेकऱ्यांची भरती व्हायची होती. किडनीच्या अशाच जोड्यांवर झालेल्या एका मोठ्या चाचणीत १०० दिवस गोळी घेतलेल्यांपैकी सुमारे ३७ टक्क्यांना वर्षभरात सीएमव्हीचा आजार झाला, २०० दिवस घेतलेल्यांपैकी सुमारे १६ टक्क्यांना. मुदत वाढवून फायदा झाला यात वाद नाही. पण परीक्षा रद्द झाली नाही, पुढे ढकलली गेली.

याच्या उलट एक पद्धत आहे. गोळी आधीपासून द्यायचीच नाही; दर आठवड्याला रक्तात विषाणू मोजायचा आणि सापडला की लगेच उपचार सुरू करायचे. यकृत प्रत्यारोपणाच्या अशाच जोड्यांवर या दोन पद्धतींची तुलना झाली. दर आठवड्याला मोजणाऱ्या गटात आजाराचं प्रमाण ९ टक्के निघालं, गोळी देणाऱ्या गटात १९ टक्के. कारण ताडता येतं: थोडासा विषाणू दिसला, टी-पेशी शिकल्या, आणि हाताबाहेर जायच्या आत औषध मिळालं. मग सगळ्यांना असंच का करत नाही? कारण दर आठवड्याला रक्त देणं, रिपोर्ट दोन दिवसांत हातात येणं आणि त्याच दिवशी गोळी सुरू होणं, या साखळीची एक कडी जरी सुटली तरी रुग्ण संकटात येतो. कागदावर सुंदर दिसणाऱ्या पद्धती प्रत्यक्षात का बारगळतात ते मी पुरेसं पाहिलं आहे. त्यामुळे तुमच्या डॉक्टरांनी गोळीचा मार्ग धरला यात मला काही गैर दिसत नाही.

आता प्रतिकारशक्ती शून्य आहे का, या शंकेकडे येतो. इथे जरा थांबायला हवं.

टी-पेशीला विषाणू थेट दिसत नाही. ज्या पेशीत विषाणू घुसला आहे ती पेशी त्याच्या प्रथिनांचे बारीक तुकडे करते आणि एचएलए नावाच्या रेणूवर ठेवून पृष्ठभागावर मांडते. टी-पेशी तुकडा आणि एचएलए दोन्ही मिळून वाचते. तुकडा ओळखीचा पण एचएलए परका असेल, तर बहुतेक वेळा तिला काहीच बोध होत नाही. पीटर डोहर्टी आणि रॉल्फ झिंकरनागेल या शास्त्रज्ञांनी १९७०च्या दशकात उंदरांवर हे दाखवलं आणि १९९६ साली त्यांना त्यासाठी नोबेल मिळालं. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे तो भावाच्या किडनीशी येऊन भिडणार आहे.

तुकडा पटला की टी-पेशीच्या आत कॅल्शियम चढतं, कॅल्सिन्युरिन नावाचं एन्झाइम जागं होतं, ते एनएफएटी या प्रथिनाला केंद्रकात पाठवतं आणि तिथून आयएल-२ हा टी-पेशींना वाढायला सांगणारा निरोप्या तयार करायचा हुकूम सुटतो. मग एका पेशीच्या हजारो होतात. रिजेक्शन टाळायला दिल्या जाणाऱ्या तीन औषधांपैकी टॅक्रोलिमस नेमकं कॅल्सिन्युरिनला धरून ठेवतं, म्हणजे हुकूम सुटतच नाही. मायकोफेनोलेट पुढच्या टप्प्यावर बसलेलं असतं. पेशी दुप्पट व्हायची तर नवा डीएनए लागतो, त्यासाठी ग्वानिन लागतं, आणि ते नव्याने बनवायची वाट हे औषध बंद करतं. इतर पेशी जुना माल वापरून वेळ मारून नेतात. टी आणि बी पेशींना ते फारसं जमत नाही. तिसरं औषध प्रेडनिसोलोन, म्हणजे स्टेरॉइड, या सगळ्यावरच पाणी मारतं, आणि त्यामुळे तापही दबतो. भावाला १०१ ताप यायला हवा होता तिथे ९९.४ आला, त्याचं एक कारण हे असू शकतं. शस्त्रक्रियेच्या वेळी एटीजी हे टी-पेशी मारणारं इंजेक्शन दिलं असेल तर टी-पेशींची संख्याच घसरते आणि भरून यायला महिने जातात. काहींत तर वर्षापेक्षा जास्त.

गंमत अशी की, आणि दुर्दैवही तेच, यातलं एकही औषध टी-पेशीला विचारत नाही की बाई, तू किडनीवर निघाली आहेस की विषाणूवर. दोन्ही कामं एकाच जातीच्या पेशी, एकाच यंत्रणेने करतात.

पण शून्य म्हणता येत नाही. जंतू दिसताच धावून जाणाऱ्या न्यूट्रोफिल आणि मॅक्रोफेज पेशी कामावर असतात, जरी स्टेरॉइडने सुस्तावलेल्या. नॅचरल किलर पेशींवर टॅक्रोलिमसचा परिणाम तुलनेने कमी होतो. आधी झालेल्या संसर्गांच्या स्मृतिपेशी टिकून असतात आणि त्यांना जागं करायला नव्या पेशीइतकी खटपट लागत नाही. आधीच तयार असलेली अँटिबॉडीही रक्तात फिरत असते. खरी अडचण होते ती आयुष्यात पहिल्यांदाच भेटणाऱ्या विषाणूशी, कारण तिथे सगळं शून्यातून उभं करायचं असतं, आणि नेमक्या त्याच बांधकामावर आपण स्थगिती आणलेली असते. आई निगेटिव्ह आणि भाऊ आधीपासून पॉझिटिव्ह असता, तर हीच औषधं घेऊनही त्याचा धोका बराच कमी राहिला असता.

सीएमव्ही मुळात बेरकी आहे. ज्याची मांडणी पाहून टी-पेशी संसर्ग ओळखते तो एचएलएचा फलकच तो उतरवतो. यूएस२, यूएस३, यूएस६ आणि यूएस११ ही त्याची चार जनुकं याच उद्योगाला वाहिलेली आहेत. फलक नसलेली पेशी दिसली की नॅचरल किलर पेशींना संशय येतो, म्हणून यूएल१८ हे जनुक एचएलएसारखा दिसणारा खोटा फलक लावतं. इतका बंदोबस्त असूनही निरोगी माणसात तो आयुष्यभर दबून राहतो, कारण शरीर त्याच्यावर प्रचंड मनुष्यबळ खर्च करतं. सीएमव्ही असलेल्या निरोगी माणसाच्या रक्तातल्या स्मृती टी-पेशींपैकी सरासरी १० टक्क्यांच्या आसपास पेशी एकट्या या विषाणूसाठी राखीव असतात. शंभरेक विषाणूंशी सामना झालेल्या शरीराने एकावर एवढी फौज बसवावी, यातच त्याची योग्यता कळते. भावाला ही फौज उभी करायची आहे, तीही हात बांधलेले असताना.

आता तो एचएलएचा मुद्दा. भावाच्या टी-पेशी त्याच्या स्वतःच्या थायमसमध्ये, म्हणजे टी-पेशी घडवणाऱ्या छातीतल्या ग्रंथीत, त्याच्या स्वतःच्या एचएलएवर वाचायला शिकल्या. नवी किडनी दात्याच्या एचएलएची आहे. किडनीच्या पेशीत विषाणू वाढत असेल, तर तो तुकडा मांडला जातो दात्याच्या फलकावर, आणि भावाच्या टी-पेशींना तो वाचता येत नाही. एखाद्या घरात चोर शिरला आहे, पण पाटी परक्या लिपीत आहे, असा प्रकार. म्हणूनच काही वेळा बसवलेला अवयव हाच विषाणूचा आडोसा ठरतो: यकृत बसवलेल्याच्या यकृतात, फुप्फुस बसवलेल्याच्या फुप्फुसात सीएमव्ही जास्त ठाण मांडतो, त्यामागे हेही एक कारण मानलं जातं. तुमच्या बाबतीत मात्र दाता आई आहे. आई आणि मुलाचा एचएलएचा अर्धा संच समान असतो. म्हणजे निम्म्या पाट्या भावाच्या टी-पेशींना वाचता येतात. रिजेक्शनच्या दृष्टीने जुळणी चांगली असली की फायदा, हे सगळे सांगतात. विषाणूच्या दृष्टीनेही तो आहे, याचा उल्लेख फारसा कोणी करत नाही.

याचीच दुसरी बाजू थोडी अस्वस्थ करणारी आहे. कधी कधी विषाणूवर तयार झालेली टी-पेशी परक्या एचएलएलाच विषाणू समजते. एपस्टाइन-बार विषाणूविरुद्धच्या, एचएलए-बी८ वर शिकलेल्या काही टी-पेशी एचएलए-बी४४:०२ असलेल्या पेशींवरही तुटून पडतात, हे प्रयोगशाळेत १९९०च्या दशकापासून माहीत आहे. शिवाय कुठल्याही विषाणू संसर्गात इंटरफेरॉन हा धोक्याचा इशारा देणारा रेणू वाढतो आणि तो अवयवाच्या पेशींवरचे एचएलए अधिक ठळक करतो. म्हणून विषाणूचा आजार गेला आणि मागोमाग रिजेक्शन आलं, असा क्रम दिसतो तेव्हा तो निव्वळ योगायोग नसतो.

मग मायकोफेनोलेट कमी करणं धोक्याचं नाही का? आहे, थोडं आहे. पण न करण्यातला धोका मोठा आहे. व्हॅल्गॅन्सायक्लोव्हिर विषाणूची वाढ थांबवतं. तो पुन्हा उठू नये याची सोय टी-पेशींनाच करावी लागते. टी-पेशींना वाढायला जागा दिली नाही तर गोळी बंद झाली की हाच खेळ पुन्हा. आणि तीन औषधांपैकी मायकोफेनोलेटच का, तर दोन कारणं. एक, टॅक्रोलिमस हा रिजेक्शन रोखणारा मुख्य खांब, तो शक्यतो शेवटी हलवतात. दुसरं, पांढऱ्या पेशी विषाणूनेही उतरतात, मायकोफेनोलेटनेही उतरतात आणि व्हॅल्गॅन्सायक्लोव्हिरनेही उतरतात. तिघांपैकी एकाला बाजूला सारायचंच आहे तर ते मायकोफेनोलेट.

इथे घरून होणारी एक चूक कळवळून सांगतो. पांढऱ्या पेशी २,००० वर आल्या की कोणीतरी ठरवतं, सीएमव्हीची गोळी जड पडते आहे, अर्धी करू. असं अजिबात करू नका. अर्ध्या डोसात विषाणू मरत नाही, शिकतो. शरीरात व्हॅल्गॅन्सायक्लोव्हिरचं गॅन्सायक्लोव्हिर होतं, आणि त्याला कामाला लावणारं एन्झाइम विषाणूच्याच यूएल९७ जनुकातून बनतं. त्या जनुकात बदल झाला की औषध निरुपयोगी. अशा दाद न देणाऱ्या विषाणूसाठी २०२१ पासून मारिबाव्हिर आलं आहे, पण तिथवर जायची वेळ का आणावी? व्हॅल्गॅन्सायक्लोव्हिरचा डोस किडनीच्या कामावरून ठरतो. क्रिएटिनिन बदललं की तो बदलावा लागतो, पांढऱ्या पेशींवरून नव्हे. पेशी फारच उतरल्या तर मायकोफेनोलेट आणखी कमी करतात, नाहीतर पेशी वाढवायचं इंजेक्शन देतात.

व्हायरल लोडचा, म्हणजे रक्तातल्या विषाणूच्या प्रमाणाचा, आकडा वाचायलाही शिकून घ्या, म्हणजे झोप लागेल. गोळी सुरू केल्यावर पहिल्या आठवड्यात आकडा वाढलेला दिसू शकतो, त्याने हबकू नका. ४,००० चा ६,००० झाला तर त्याला आम्ही वाढ म्हणत नाही, कारण तिपटीच्या आतला फरक चाचणीच्याच चुकभुलीत जातो. ४,००० चा ४०,००० झाला तर मात्र दखल घ्यायची. दर आठवड्याला, एकाच प्रयोगशाळेत, एकाच प्रकारच्या नमुन्यावर मोजा. एकदा प्लाझ्मा आणि एकदा अख्खं रक्त असं केलं तर तुलनाच होत नाही. पूर्ण डोस देऊन दोन आठवडे झाले तरी आकडा हलत नसेल, तर यूएल९७ ची जनुकीय तपासणी मागायची वेळ आली. आणि जुलाब किंवा पोटदुखी असेल तर रक्तातला आकडा लहान आहे यावर विसंबू नका. आतड्यातला सीएमव्ही रक्तात कधी कधी दिसतच नाही. तिथे दुर्बीण घालून तुकडा काढावा लागतो.

औषध कमी करण्याचा खरा कस लागतो तो बीके विषाणूत. १९७१ साली किडनी प्रत्यारोपण झालेल्या एका रुग्णाच्या लघवीत तो सापडला. बीके ही त्या रुग्णाच्या नावाची आद्याक्षरं. बहुतेक माणसांना तो लहानपणीच होऊन जातो आणि मूत्रमार्गाच्या पेशींत निपचित पडून राहतो. याला मारणारं खात्रीचं औषध आजही नाही. जे काही करायचं ते टी-पेशींनीच.

एक स्लाइड माझ्या अजून डोळ्यांसमोर आहे. क्रिएटिनिन १.४ वरून २.१ वर गेलेला एक तरुण, प्रत्यारोपणाला सहावा महिना. पॅथॉलॉजिस्टच्या शेजारी बसून मी बायोप्सी पाहत होतो. किडनीतल्या नलिकांच्या भिंतींत लिम्फोसाइट (टी-पेशी ज्यांत मोडतात त्या पांढऱ्या पेशी) घुसलेल्या, आजूबाजूला त्यांची गर्दी. पुस्तकी रिजेक्शन. स्टेरॉइडचं इंजेक्शन लिहायला माझा हात निघालाच होता. तेवढ्यात त्यांनी एका नलिकेवर बोट ठेवलं: दोन-तीन पेशींची केंद्रकं फुगलेली, आत धुरकट काचेसारखं काहीतरी. एसव्ही४० चा, म्हणजे बीकेच्या कुळातले विषाणू दाखवणारा, रंग चढवून दुसऱ्या दिवशी स्लाइड आली तेव्हा ती केंद्रकं तपकिरी उठून दिसत होती. बीके. ती लिम्फोसाइटची गर्दी विषाणूवर चालून आलेली होती, निदान मुख्यतः. रिजेक्शन समजून मी प्रतिकार आणखी दाबला असता, तर विषाणूला रान मोकळं झालं असतं. आम्ही औषधं कमी केली. पुढे तीन आठवडे क्रिएटिनिन आणखी चढलं, २.४ पर्यंत, कारण जाग्या झालेल्या टी-पेशी संसर्ग झालेल्या नलिका मारत होत्या. घरच्यांना ते पटवून देणं हे उपचारापेक्षा अवघड गेलं. पाच महिन्यांनी विषाणू रक्तातून गेला आणि क्रिएटिनिन १.८ वर स्थिरावलं. पूर्वीचं १.४ काही परत आलं नाही. म्हणून हल्ली लक्षणांची वाट न पाहता सुरुवातीचे महिने दर महिन्याला रक्तात बीके मोजतात. भावाचा तो रिपोर्ट झाला आहे ना, तेवढं विचारून घ्या. सीएमव्हीच्या गडबडीत हा विसरला जातो, आणि व्हॅल्गॅन्सायक्लोव्हिरचा बीकेवर भरवसा ठेवण्यासारखा परिणाम नाही.

एपस्टाइन-बारबद्दल थोडंच. तो बी-पेशींत राहतो आणि त्यांना वाढत राहायला लावतो. टी-पेशींचा धाक नसला की त्या वाढीची गाठ, पुढे लिम्फोमा होऊ शकतो. प्रत्यारोपणाचे शल्यविशारद थॉमस स्टार्झल यांच्या गटाने १९८४ साली दाखवलं की नुसती औषधं कमी केल्यावर अशा काही गाठी विरून जातात. प्रतिकारशक्ती खरोखर शून्य असती तर हे झालंच नसतं. आता याच तत्त्वावर दुसऱ्या निरोगी माणसाच्या, या विषाणूवर तयार झालेल्या टी-पेशी बाटलीतून देता येतात. युरोपात अशा एका उपचाराला २०२२ च्या डिसेंबरात मान्यता मिळाली. हा धोका मुख्यतः विषाणू आधी न झालेल्या मुलांत. मोठ्या माणसांपैकी बहुतेकांना तो होऊन गेलेला असतो.

अँटिबॉडीची तपासणी भावाच्या बाबतीत कितपत उपयोगी? प्रत्यारोपणाआधी फार, नंतर फार कमी. बी-पेशींना टी-पेशींची मदत लागते आणि ती मदतच आटलेली असते, त्यामुळे अंगात विषाणू असूनही अँटिबॉडी निगेटिव्ह येते. हिपॅटायटिस ई हे याचं चांगलं उदाहरण. निरोगी माणसात काही आठवड्यांत जाणारी ही कावीळ अवयव बसवलेल्यांत वर्षानुवर्षं रेंगाळू शकते, हे २००८ पर्यंत कोणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. त्यांच्या यकृताचे आकडे थोडे वाढलेले राहायचे आणि खापर औषधांवर फुटायचं. प्रत्यारोपणानंतर विषाणू शोधायचा तर विषाणूचाच डीएनए किंवा आरएनए शोधायचा, म्हणजे पीसीआर.

मग प्रतिकारशक्ती मोजायची कशी? टॅक्रोलिमसची लेव्हल म्हणजे प्रतिकारशक्ती नव्हे. ते रक्तातलं औषध आहे. सीएमव्हीपुरतं बोलायचं तर रक्तातल्या टी-पेशींना सीएमव्हीची प्रथिनं दाखवून त्या इंटरफेरॉन-गॅमा सोडतात का, हे पाहणाऱ्या चाचण्या आहेत: क्वांटिफेरॉन आणि एलिस्पॉट. गोळी दुसऱ्यांदा बंद करताना असा रिपोर्ट मिळाला तर मला तो हवा असतो. टी-पेशी जाग्या दिसल्या तर निश्चिंतपणे थांबवतो, नाहीतर काही आठवडे डोळ्यांत तेल घालून रक्त तपासत राहतो. आणखी एक चक्रावणारी कल्पना सध्या पुढे येते आहे. १९९७ साली जपानमध्ये सापडलेला टॉर्क टेनो विषाणू जवळजवळ सगळ्यांच्या रक्तात असतो आणि कोणाला काही करत नाही. प्रतिकार दाबला की तो वाढतो, मोकळा केला की घटतो. म्हणजे एका निरुपद्रवी विषाणूचा आकडा पाहून औषधांचा डोस जास्त होतोय की कमी, ते ताडायचं. रोजच्या वापरात तो अजून सगळीकडे आलेला नाही, पण मला त्यात दम वाटतो.

श्वसनाच्या विषाणूंचं गणित वेगळं. फ्लू किंवा कोविड अंगात दबून बसत नाहीत, बाहेरून येतात. भावासारख्यांत ते जास्त दिवस मुक्काम करतात. तीन आठवड्यांनंतरही नाकातून विषाणू बाहेर पडत राहू शकतो. कोविडची गोळी, म्हणजे निर्माट्रेल्व्हिर आणि रिटोनाव्हिरची जोडी, कोणी परस्पर सुरू केली तर अनर्थ होतो. रिटोनाव्हिर टॅक्रोलिमसचं विघटन करणारं एन्झाइम अडवतं आणि लेव्हल कित्येक पटींनी चढते. हात थरथरतात, किडनी आखडते. द्यायचीच तर टॅक्रोलिमस आधी थांबवून, लेव्हल मोजत, प्रत्यारोपणाच्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली. जुलाबांतही असंच होतं, हे कमी लोकांना माहीत असतं. सुजलेल्या आतड्यात टॅक्रोलिमस मोडलं जात नाही आणि लेव्हल वर जाते. नोरोव्हायरसचे जुलाब अशा रुग्णांत महिनोन्‌महिने चालतात, तेव्हा दोन-तीन दिवसांपेक्षा जास्त जुलाब झाले की लेव्हल तपासायला सांगा.

लसीचा उपयोग आहे, फक्त पहिल्या डोसावर समाधान मानू नका. फ्रान्समधल्या एका अभ्यासात अवयव बसवलेल्या १०१ जणांपैकी कोविड लसीच्या दोन डोसांनंतर ४० टक्क्यांत अँटिबॉडी दिसली, तिसऱ्यानंतर ६८ टक्क्यांत. मायकोफेनोलेट घेणाऱ्यांत प्रतिसाद कमी मिळतो, हे बऱ्याच अभ्यासांत दिसलं आहे. म्हणून लसीसाठी औषध आपल्या मनाने थांबवायचं नाही; लसीचे डोस वाढवून घ्यायचे. फ्लूची मृत विषाणूची लस दर वर्षी. नागिणीची नवी, जिवंत विषाणू नसलेली लसही चालते. जिवंत विषाणूंच्या लसी, म्हणजे गोवर-गालगुंड-रुबेला, कांजिण्या, नाकात फवारायची फ्लूची लस, या भावाला नकोत. सध्या सीएमव्ही चढलेला आहे तोवर घाई नाही, तो उतरू द्या. दरम्यान घरातल्या इतरांनी फ्लूची लस घ्यावी. भावाच्या अंगात प्रतिसाद अर्धवट उमटणार आहे, तुमच्या अंगात पूर्ण उमटेल.

राहता राहिली आई. लांब राहायची काही गरज नाही. जो विषाणू तिच्याकडून यायचा होता तो किडनीसोबत येऊन गेला, आता तिच्या जवळ बसण्याने त्यात भर पडत नाही. सीएमव्ही लाळेतून आणि लघवीतून पसरतो, तो सर्वांत जास्त पाळणाघरात जाणाऱ्या लहान मुलांत. घरात असं मूल असेल तर त्याचे लंगोट भावाने बदलू नयेत, उष्टं खाऊ नये, हात धुवावेत. एवढं पुरे. आईने कपाळाला हात लावून ‘गरम लागतंय’ म्हटलं तर मात्र थर्मामीटर लावा आणि आकडा वेळेसकट लिहून ठेवा. प्रेडनिसोलोनवर असलेल्या माणसाचा ९९.६ सुद्धा आम्हाला फोनवर कळायला हवा असतो.